भाड्यासाठी फ्लॅट: पर्वरीचा नवा की फोंड्याचा जुना?

वाचकाचं पत्र

वय ४१, सरकारी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. यजमान कुंडई औद्योगिक वसाहतीत खासगी कंपनीत आहेत. फोंड्यात स्वतःचं घर आहे, त्यावर कर्ज नाही. मुलगी सातवीत आहे. ठेवी मोडल्या तर २८ लाख रुपये उभे राहतात आणि घरखर्च भागवून महिन्याला ३८ हजार उरतात. भाड्याने देण्यासाठी दोन फ्लॅट पाहिले. पर्वरीला बांधकाम सुरू असलेला टू बीएचके ८० लाखांना आहे, भाडं २५ हजार येईल असं एजंट म्हणतो. दुसरा फोंड्याजवळ कुर्टीला, १२ वर्षं जुना टू बीएचके, ४४ लाख, भाडं १५ हजार. बँकेने साडेआठ टक्के दर सांगितला आहे. एजंटचं म्हणणं, “महिन्याची तूट बघू नका, हप्त्यातून तुमची इक्विटी तयार होते, शिवाय पर्वरीचे भाव वाढणारच.” यजमानांना हातात पैसे उरलेले हवेत. कोणाचं ऐकावं?

उत्तर

ताई, एजंट म्हणतो ते निम्मं खरं आहे. घरातला आपला हिस्सा, म्हणजेच इक्विटी, तीन वाटांनी वाढतो. सुरुवातीला आपण भरलेले पैसे ही एक, हप्त्यातून फिटणारं मुद्दल ही दुसरी आणि वाढलेला भाव ही तिसरी. पहिल्या वाटेचे पैसे आधीपासून तुमचेच आहेत, ते फक्त ठेवीतून भिंतीत जातात. तिसरी वाट तुमच्या हातात नाही. राहिली दुसरी, आणि पहिली काही वर्षं ती फार बारीक असते. २० वर्षांच्या कर्जात साडेआठ टक्क्यांनी पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले जवळजवळ ८२ टक्के व्याजात जातात. पाच वर्षं नियमित हप्ते भरले तरी मुद्दलातले जेमतेम १२ टक्के फिटलेले असतात.

आता दोन्ही फ्लॅटचं भाडं खरोखर किती कर्ज पेलतं ते पाहू. भाडं बारा महिने धरू नका, अकराच धरा. दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा काळ आणि दलाली यात एक महिना जातोच.

पर्वरीचे अकरा महिन्यांचे होतात २ लाख ७५ हजार. लिफ्ट, जिम, जनरेटर, सुरक्षारक्षक असलेल्या नव्या संकुलात मेंटेनन्स महिन्याला ४ हजार धरला तर वर्षाचे ४८ हजार. घरपट्टी, विमा, किरकोळ दुरुस्ती मिळून २७ हजार. हाती राहतात २ लाख, म्हणजे किमतीच्या अडीच टक्के. कुर्टीचे अकरा महिन्यांचे १ लाख ६५ हजार, त्यातून मेंटेनन्सचे १८ हजार आणि घरपट्टी, विमा, दुरुस्तीचे २२ हजार गेले की उरतात १ लाख २५ हजार, किमतीच्या सुमारे २.८ टक्के. पैसे उसने आणायचा दर साडेआठ आणि घर देतं अडीच ते पावणेतीन. या एका फरकातून पुढचं सगळं निघतं. २० वर्षांच्या मुदतीत पर्वरीचं भाडं स्वतःच्या बळावर १९ लाखांचं कर्ज पेलतं आणि कुर्टीचं १२ लाखांचं. त्यावरचा प्रत्येक रुपया तुमच्या पगारातून फिटणार आहे. म्हणून यजमानांना हवा तसा, पहिल्या दिवसापासून हातात पैसे ठेवणारा फ्लॅट या दोन्हींत नाही. प्रश्न उरतो तो तूट किती आणि ती किती वर्षं झेपेल एवढाच.

पर्वरीचा पूर्ण खर्च मांडा. ८० लाख किंमत, बांधकाम सुरू असल्याने ५ टक्के जीएसटीचे ४ लाख, मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकील मिळून सहाएक लाख. गोव्यात मुद्रांकाचा दर किमतीच्या टप्प्यांनुसार चढतो, तेव्हा नेमका आकडा सब-रजिस्ट्रार कार्यालयातून घ्या. एकूण झाले ९० लाख. तुमचे २८ लाख शेवटच्या रुपयापर्यंत घातले तरी ६२ लाख कर्ज लागतं. ३० लाखांवरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांची आहे, त्यामुळे पगार पुरेसे दिसले तर बँक हे कर्ज देईलही. २० वर्षांसाठी हप्ता ५३,८०५ रुपये. भाड्याचे निव्वळ २ लाख वजा केले तरी वर्षाला ४ लाख ४५ हजार, म्हणजे महिन्याला ३७ हजार रुपये खिशातून जातात. तुमच्याकडे उरतात ३८ हजार.

कुर्टीला जीएसटी नाही, कारण घर पूर्ण झालेलं आहे. ४४ लाख, त्यावर नोंदणीचा खर्च सुमारे ३ लाख ३० हजार, रंग, बाथरूम आणि वॉटरप्रूफिंगला १ लाख ७० हजार. एकूण ४९ लाख. यात २२ लाख तुमचे घाला, २७ लाख कर्ज घ्या आणि ६ लाख बाजूला ठेवा. १५ वर्षांच्या मुदतीने हप्ता २६,५८८ येतो. भाडं वजा जाता महिन्याची तूट सुमारे १६ हजार.

आता या तुटीतला किती पैसा साठतो आणि किती जळतो? पर्वरीच्या पहिल्या वर्षाच्या ४ लाख ४५ हजारांतून मुद्दलात जमा होतात १ लाख २३ हजार, बाकीचे ३ लाख २२ हजार व्याजात जातात. कुर्टीच्या १ लाख ९४ हजारांतून मुद्दलात ९३ हजार जातात आणि जळतात १ लाख १ हजार. म्हणजे जवळपास निम्मी तूट हिस्सा होऊन परत तुमच्याच नावावर जमा होते, पर्वरीला हेच प्रमाण पावेक्षा थोडंच जास्त. “हप्त्यातून इक्विटी तयार होते” हे वाक्य खरं तर कुर्टीच्या फ्लॅटला जास्त लागू पडतं.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. तुमचे घातलेले पैसे ठेवीत राहिले असते तर साडेसहा टक्क्यांनी काही मिळालंच असतं. ते बुडालेलं व्याज धरलं तर बरोबरीत सुटायला पर्वरीचा भाव वर्षाला सुमारे ६.३ टक्क्यांनी वाढायला हवा आणि कुर्टीचा ५.५ टक्क्यांनी. टक्केवारीत दोघांत फार अंतर नाही. अंतर आहे ते चूक झाली तर किती लागेल यात. मुलगी कॉलेजला जाईल तेव्हाचा, सहा वर्षांनंतरचा हिशोब पाहा. भाडं वाढत नाही, पर्वरीचा ताबा उद्याच मिळतो, असं दोन्हीकडे सारखं धरलंय.

भाव जागच्या जागी राहिले तर पर्वरीत तुम्ही एकूण जवळपास ५५ लाख घातलेले असतील आणि तुमचा हिस्सा असेल २७ लाखांचा. कुर्टीत साडेतेहतीस लाख घालून हिस्सा २४ लाखांचा. दरवर्षी ६ टक्के वाढ झाली तर पर्वरीत घातल्यापेक्षा सुमारे ६ लाख वर, कुर्टीत पावणेनऊ लाख वर. ९ टक्के वाढ झाली तर मात्र पर्वरी जवळपास २७ लाख पुढे जाते आणि कुर्टी २० लाखांवर थांबते. जुनी इमारत नव्या संकुलाच्या वेगाने वाढत नाही, हेही धरा. म्हणजे पर्वरीवर डाव लावायचा तर सलग सहा वर्षं नऊ टक्क्यांच्या आसपास वाढीवर विश्वास हवा. मांडवीवरचा अटल सेतू, मोपाचा विमानतळ, पणजीची जवळीक ही कारणं खरी आहेत, पण विकणाऱ्यालाही ती ठाऊक आहेत आणि आजच्या ८० लाखांत त्याने ती धरलेली आहेत.

माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या घरात एक पगार सरकारी आणि एक खासगी. खासगी पगार चार महिने थांबला तर कुर्टीचा हप्ता तुमचा पगार आणि बाजूचे ६ लाख मिळून सांभाळतील. पर्वरीचा सांभाळणार नाहीत, कारण तिथे राखीव पैसे शून्य आहेत. दर एका टक्क्याने वाढला तर पर्वरीचा हप्ता जवळजवळ ४ हजारांनी चढतो, कुर्टीचा १,६०० ने. तूट भरता न आल्यामुळे घाईत विकावा लागलेला फ्लॅट हीच या व्यवहारातली सगळ्यात महाग गोष्ट असते. गिऱ्हाईक मिळून दस्त होईपर्यंत महिने जातात आणि अडलेल्याला भाव मिळत नाही.

मुलीच्या फीबद्दलही हेच. घरातल्या हिश्शाने फी भरता येत नाही. तो बाहेर काढायचे मार्ग दोनच: विकणं किंवा टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर आणखी घेतलेलं कर्ज. टॉप-अप बँक पगार बघून देते, म्हणजे ज्या वर्षी गरज सर्वांत जास्त त्याच वर्षी नकार मिळू शकतो. विकलं तर २४ महिन्यांनंतरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, आणि आता घेतलेल्या घराला महागाई निर्देशांकाची सवलत मिळत नाही.

बांधकामाचा काळ वरच्या हिशोबात सोडून दिला होता, तो आता घाला. ताबा दोन वर्षांनी मिळणार असेल आणि त्या काळात सरासरी निम्मं कर्ज उचललेलं असेल, तर व्याजापोटी सव्वापाच लाख जातात. तेव्हा भाडं नाही, मुद्दलही फिटत नाही. बिल्डर एक वर्ष लांबला की आणखी वर्षभराचं व्याज, तेही तोपर्यंत जवळजवळ पूर्ण उचललेल्या कर्जावर.

कुर्टीच्या कर्जाची मुदत १५ वर्षंच ठेवा. २० वर्षांची घेतली तर हप्ता ३,१५७ रुपयांनी उतरतो, पण पहिल्या वर्षी मुद्दलात ९३ हजारांऐवजी ५४ हजारच जातात. बँक ३५ लाखांपर्यंत द्यायला तयार होईल, “ठेवी मोडू नका, बँकेचा पैसा वापरा” असंही सांगितलं जाईल. साडेसहा टक्के मिळवण्यासाठी साडेआठ टक्के देण्यात काही अर्थ नाही. राखीव ६ लाख मात्र मोडू नका, रंगाला कमी पडले तरी नाही.

तूट भरून तुमच्याकडे महिन्याला २२ हजार उरतील. त्यातले १२ हजार मुलीच्या नावाने वेगळे टाका, सहा वर्षांत व्याजाशिवाय ८ लाख ६४ हजार होतात. उरलेले १० हजार कर्जात जादा भरा. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. एवढ्या जादा भरण्याने १५ वर्षांचं कर्ज पावणेनऊ वर्षांत संपतं आणि साडेनऊ लाखांच्या आसपास व्याज वाचतं. जादा रक्कम भरताना बँकेला लेखी सांगा की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. नाहीतर काही वेळा मुदत तशीच राहते, हप्ता कमी केला जातो आणि फायदा विरघळतो. दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तुम्हाला आहे. तो वापरा, गुपचूप मुदत वाढू देऊ नका. यजमानांना हवे असलेले हातात उरणारे पैसे नवव्या वर्षाच्या अखेरीपासून सुरू होतात, आणि तेव्हा ते पूर्ण भाड्याएवढे असतात.

कराबद्दल दोन गोष्टी, त्यातली एक खास गोव्याची. भाड्यातून घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट सूट मिळते, त्यातून कर्जाचं व्याज वजा होतं. त्यानंतरचा तोटा जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्या प्रणालीत होत नाही. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर “टॅक्स वाचेल” या आशेवर पर्वरीची तूट लहान दाखवू देऊ नका. दुसरं, तुमचं लग्न गोव्याच्या नागरी कायद्याखाली झालं असेल आणि आधी वेगळा करार केला नसेल, तर फ्लॅट कोणाच्याही नावावर असो, तो दोघांचा निम्मा-निम्मा आहे. त्याचं भाड्याचं उत्पन्नही दोघांच्या विवरणपत्रात अर्धं-अर्धं दाखवावं लागतं, त्यासाठी वेगळं परिशिष्ट असतं. पगाराला ही वाटणी लागू नाही. सीए गोव्याबाहेरचा असेल तर हे मुद्दाम सांगा, बऱ्याचदा हे राहून जातं आणि मग नोटीस येते.

पर्यटकांना रोजच्या दराने देण्याचा विचार एजंट पुढे करेलच. त्याला पर्यटन खात्यात १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, सोसायटीची संमती लागते, विदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती अधिकाऱ्यांना कळवावी लागते. चादरी, सफाई, किल्ली देणं-घेणं या कामाला माणूस लागतो आणि पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहतात. शाळा सांभाळून हे जमणार नाही. तो वेगळा धंदा आहे, घरभाडं नव्हे.

कुर्टीचा फ्लॅट घ्याच असं मात्र आजच म्हणत नाही, आधी तो तपासा. पावसाळ्यात पाहता आला तर उत्तम. नैर्ऋत्येकडून झोडपणाऱ्या भिंतीवर आतून पोपडे आहेत का, वरच्या मजल्याच्या बाथरूमखाली डाग आहेत का, गच्चीवर पत्रे घातले असतील तर ते का घातले, हे विचारा. नुकताच नवा रंग दिलेला असेल तर जास्त संशय घ्या. तळमजल्यावरच्या दोन रहिवाशांना पाण्याबद्दल विचारा: नळाला किती तास येतं, टँकर कधी लागतो, पंप कोण चालवतं. सोसायटी नोंदलेली आहे की नुसताच एक जण पैसे गोळा करतो, हेही तिथेच कळेल. सगळ्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी मोठी वर्गणी ठरली असेल तर ती रक्कम किमतीतून वजा करून मागा.

कागदांत ओसी म्हणजे वापराचा दाखला आणि टीसीपीचा, म्हणजे नगर नियोजन खात्याचा, पूर्णत्वाचा दाखला पाहिजेत. जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) घ्या, त्यात कुळाच्या किंवा इतर हक्कांच्या रकान्यात कूळ किंवा मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल तर वकिलाकडून खुलासा झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामूहिक मालकीची, असेल तरी तेच. सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला) आणि मंजूर आराखडा जुळवून पहा, बंद केलेली बाल्कनी किंवा वाढवलेली खोली आराखड्यात नसेल तर बँकेचा मूल्यांकनकर्ता तिथेच अडतो. बोजा नसल्याचा दाखला किमान ३० वर्षांचा काढा. विक्रेता विवाहित असेल तर दस्तावर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, एकट्याच्या सहीवर टोकन देऊ नका. मूळ मालक वारला असेल तर वारसांचा दस्त किंवा इन्व्हेंटरीचा (वारसांमधल्या वाटणीचा) न्यायालयीन निकाल आणि सगळ्या वारसांसह त्यांच्या जोडीदारांच्या सह्या. एक भाऊ पोर्तुगालमध्ये आहे म्हणाले तर त्याचं रीतसर मुखत्यारपत्र हातात आल्याशिवाय व्यवहार पक्का समजू नका.

भाड्याचा आकडाही विकणाऱ्याच्या शब्दावर घेऊ नका. त्याच इमारतीतले दोन भाडेकरू सध्या किती देतात ते विचारा. कुर्टी-फर्मागुडी पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचे कर्मचारी, बेतोडा, कुंडई, मडकईच्या वसाहतींतले अधिकारी, नर्स असे भाडेकरू मिळतात. दुचाकी ठेवायला झाकलेली जागा आणि पाणी या दोन गोष्टींवर ते घर निवडतात. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करा आणि पोलिसांकडे भाडेकरूची पडताळणी न चुकता करून घ्या. भाडं १५ ऐवजी १३ हजार निघालं तर वर्षाला २२ हजारांचा फरक पडतो, तेव्हा तोच आकडा हातात ठेवून किमतीत दोन-अडीच लाख कमी करून मागा. न मिळाल्यास सोडून द्या. ठेवीतले २८ लाख सहा महिने जास्त तिथे राहिले तर काही बिघडत नाही.

पर्वरी कधी योग्य ठरली असती? तुम्हाला निवृत्तीनंतर तिथे राहायला जायचं असतं, कर्ज ३० लाखांच्या आत बसलं असतं आणि फ्लॅट ओसीसह तयार असता तर. त्यातलं एखादं कारण खरं असेल आणि पत्रात लिहायचं राहिलं असेल, तर बुकिंगआधी गोवा रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, पूर्णत्वाची तारीख आणि कार्पेट क्षेत्र तपासा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही. पुढचे पैसेही स्लॅब पडेल तसेच द्या, तारखेनुसार नको.